काशीत सोडलेली अंबाडी

रिठदच्या भागिरथाबाईला प्रश्न विचारायची खोड होती, आणि वय वाढलं तशी ती खोडही वाढत गेली. एसटीत शेजारी बसलेली बाई वाशीमला उतरेपर्यंत तिचं माहेर, तिची पोरं, तिच्या डाव्या हातावरच्या भाजल्याच्या डागाची हकिकत, सगळं भागिरथाबाईच्या पदरात पडलेलं असायचं. एकदा गावात तार जोडायला आलेल्या वायरमनला तिनं खांबाखालून विचारलं होतं, की पाखरू तारेवर बसते त्याले करंट काहून लागत नाही. तो माणूस बिचारा खाली उतरला, हातातली पक्कड बाजूला ठेवून त्यानं तिला समजावून सांगितलं, आणि वर तिच्या घरचा चहाही पिऊन गेला. तिच्या विचारण्याचा कुणाला राग येत नसे. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असतं, हे समोरच्याला कळायचं.

म्हणून तिचा मुलगा अनुप नोव्हेंबरातल्या एका रविवारी वाशीमहून आला आणि म्हणाला, की या हिवाळ्यात तुम्हां दोघांना सारनाथ दाखवून आणतो, तेव्हा पुढं काय वाढून ठेवलंय याची त्याला कल्पना असायला हवी होती. तो कचेरीत नोकरीला. बायको पौर्णिमा जवळच्या मालेगावच्या शाळेत शिकवायची. दोघांच्या सुट्ट्या जुळवता जुळवता त्याच्या नाकी नऊ आले होते. त्यानं मोबाइलवर सगळी आखणी करून आणली होती. भुसावळला गाडी धरायची, दुसऱ्या दिवशी बनारसच्या स्टेशनावर उतरायचं, ऑटोनं थेट सारनाथ, तिथं एक मुक्काम, आणि परतीची गाडी. त्यानं ते वाचून दाखवलं आणि शाबासकीची वाट पाहत बसला.

भागिरथाबाईनं विचारलं, स्टेशनापासून सारनाथ किती लांब. दहा-बारा किलोमीटर असेल, तो म्हणाला. मग मध्ये शहर लागत असेल. लागतं. म्हणजे ती काशी. हो, तीच. मग नदी कुठल्या अंगाला राहते? नदी बाजूला राहते, आपल्या वाटेत येत नाही, असं अनुपनं सांगितलं आणि मोबाइल खिशात ठेवला. तिनं तो परत काढायला लावला.

नकाशावर निळी रेघ पाहून तिचे डोळे बारीक झाले. एवढं जुनं शहर, जगातून माणसं पाहायला येतात, आणि आपण त्याच्या अंगणातून जायचं नि आत डोकावायचंही नाही, हे तिला पटेना. पण बोलायच्या आधी तिनं नवऱ्याकडे पाहिलं. उकंडराव खाटेवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. ते मान वर न करता बोलले, "माह्या बापानं छप्पन साली घरातले देव पैनगंगेत सोडले. मी आता गंगेत जाऊन हुडकू काय?"

अनुपला हसू आलं. भागिरथाबाई हसली नाही. तिनं नवऱ्यापुढची टरफलं गोळा केली, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं. वर्षावासात विहारात वाचन चालतं तेव्हा आपण काय ऐकलं? बुद्ध सारनाथला राहिले. तिथं तर तेव्हा रान होतं, हरणं होती.

"मंग भिक्षेले कुठी जात असतीन?" ती म्हणाली. "हरनं भाकर देत व्हते काय?"

उकंडरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते बाईनं आधीच काढून ठेवलं होतं. भिक्षेला त्या शहरातच जात असणार. म्हणजे ते शहर जितकं काशी करून आलेल्यांचं तितकंच आपलंही. उकंडरावांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, बरं मग, त्या गल्ल्या पाहून येऊ. पण पूजापाठाच्या फंदात कुणी पडायचं नाही. त्यांचा विरोध एवढ्यावर आटोपला. पुढच्या तासाभरात तेच सगळ्यात उत्साही झाले. जानेवारीत तिकडं धुकं पडतं, गाड्या खोळंबतात, असं पौर्णिमानं सांगितल्यावर त्यांनी फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरवून टाकला. तेव्हा तूर घरात आलेली असते आणि हरभरा अजून उभा असतो. शेतकऱ्यानं गावाबाहेर पडावं तर तेव्हाच. अनुपनं शहरासाठी अर्धा दिवस काढला. सकाळी नाव, मग गल्ल्या, मग स्टेशन. पौर्णिमानं त्यात साड्यांचं दुकान हळूच सरकवलं.

भागिरथाबाईनं तो वाद जिंकला खरा, पण भिक्षेचं कारण तिनं नवऱ्यासाठी शोधलं होतं. तिचं स्वतःचं कारण निराळं होतं आणि ते तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या कारणाचं नाव रंगूबाई. रंगूबाईचं शेत आणि यांचं शेत बांधाला बांध लागून. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन रिठदला आल्या आणि एकाच बांधावर बसून जेवू लागल्या. जेवू लागल्या म्हणजे काय, तर रंगूबाईचा डबा रंगूबाईपुढं, भागिरथाबाईचा डबा तिच्यापुढं. पाण्याच्या कळश्याही दोन. त्या काळी त्यात नवल नव्हतं. कुणी कुणाला ते समजावून सांगतही नसे. मग रंगूबाईला दिवस गेले. एका दुपारी भागिरथाबाईनं डबा उघडला तर आत अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. त्या आंबट वासानं रंगूबाईचा जीव कासावीस झाला. ती त्या डब्याकडं पाहत राहिली. भागिरथाबाईनं भाकरीच्या तुकड्यावर भाजी घालून हात पुढं केला, आणि रंगूबाईनं तो घास घेतला. त्या दिवशी तिनं अर्धा डबा संपवला.

तेव्हापासून दरसाल पावसाळा सरत आला, बांधावरची अंबाडी कोवळी असली, की भागिरथाबाई डबा मोठा भरायची. शेतातलं शेतात राही. रंगूबाई तिच्या घरी कधी जेवली नाही. दारापाशी येऊन "चाल वं" म्हणून हाक मारी आणि तिथूनच परत फिरे. पण बांधावरच्या त्या भाजीत खंड पडला नाही. पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, रंगूबाईचे मालक नानाजी वारले, तरीही नाही.

मग रंगूबाई यात्रा कंपनीच्या गाडीनं काशीला गेली. परत आल्यावर मावंदं झालं. काशी करून आलं की गावजेवण घालायचं, तसं तिनं घातलं. त्यासाठी गहू निवडायला भागिरथाबाईच दोन दिवस बसली होती, आणि उकंडरावांसकट मांडवात जेवून आली होती. पुढच्या आठवड्यात तिनं नेहमीसारखा मोठा डबा भरून नेला. रंगूबाईनं तो पाहिला आणि म्हणाली, की काशीला गेलं की एक खायची वस्तू सोडावी लागते, जन्मभरासाठी, आणि मी अंबाडी सोडली.

आता गावातल्या काशी करून आलेल्या बायांनी काय काय सोडलं होतं, हे भागिरथाबाईला तोंडपाठ होतं. तिनंच विचारून ठेवलं होतं. एकीनं कोहळा सोडला, जो तिच्या घरी कधी शिजतच नव्हता. एकीनं कारलं सोडलं आणि सुटले बाई म्हणाली. इतक्या भाज्या असताना रंगूनं अंबाडीच का सोडली? नेमकी तीच, जी ती फक्त माझ्या हातची खात होती? भाजी सोडली की मला सोडलं? बारा गावच्या माणसांना बारा प्रश्न विचारणाऱ्या या बाईनं हा एक प्रश्न मात्र दहा-बारा वर्षांत विचारला नव्हता. उत्तराची भीती वाटत होती, दुसरं काय.

आणि म्हणून तिला काशी पाहायची होती. तो घाट कसा आहे, तिथं सोडायला कोण सांगतं, आधी ठरवून जावं लागतं की ऐनवेळी जे सुचेल ते म्हणायचं, हे तिला तिथं उभं राहून पाहायचं होतं. घाई होत असेल, गर्दी असेल, कुणी खेकसत असेल, तर माणसाच्या तोंडून भलतंच नाव निघू शकतं. तसं असलं तर तिचं मन निवांत होणार होतं.

पण पाहण्याआधी माहिती काढणं हा तिचा स्वभाव. दुसऱ्याच दिवशी ती रंगूबाईच्या ओसरीवर जाऊन बसली. रंगूबाईचे गुडघे गेले होते, शेत सुटलं होतं, दिवसभर तिथंच बसून ती वाती वळायची नाहीतर डाळ निवडायची. भागिरथा काशीला निघाली हे ऐकून तिला इतका आनंद झाला, की तिनं मांडीवरचं सूप बाजूला सारलं. अन् सांगत सुटली. पहाटे नावेत बसजो, ऊन व्हायच्या आत. पायऱ्या मोजायला जाऊ नको, मोजून होत नाहीत. गल्लीत बैल समोर आला तर आपणच भिंतीला लागायचं, तो बाजूला होत नाही. कचोरी खाजो, पण रस्सा तिखट नसतो, तिकडच्या लोकांना तिखट म्हणजे काय ते माहीत नाही. अन् गंगा तिथं उत्तरेला वाहते, हिमालयाकडं तोंड करून. भागिरथाबाईनं विचारलं, ते तुला कसं कळलं? नावाड्यानं सांगितलं. अन् सूर्य नदीपलीकडून वर येतो, त्यावरून पाहून घे म्हणाला. भागिरथाबाईनं मनातल्या मनात दिशा लावून पाहिल्या आणि तिला ते पटलं. दोघी अशा रंगल्या, की चहा आला तो तसाच निवला.

मग भागिरथाबाई म्हणाली, अन् ते सोडायचं कसं असतं? रंगूबाईनं करून दाखवलं. ओंजळीत पाणी घ्यायचं, वस्तूचं नाव घ्यायचं, पाणी सोडून द्यायचं. गर्दी असते काय? असते, पण तेवढ्यापुरतं शांतपणे करू देतात. घाई करतात काय? नाही, घाई नाही करत. काय सोडायचं ते कोण ठरवतं?

"आपलं आपुन," रंगूबाई म्हणाली. आणि तिचा आवाज खाली आला, कारण प्रश्न कुठं चालले आहेत हे तिच्याही ध्यानात आलं.

भागिरथाबाईनं पदर सारखा केला. "मंग अंबाडीच काहून सोडली वं रंगू?"

रंगूबाईनं बाजूला सारलेलं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग ती बोलली.

"मले माहीत व्हतं, तू एक ना एक दिवस इचारशीन. माही मोठी जाऊ घरात बोलून राह्यली व्हती. रंगू शेतात कोनाच्या डब्यातलं खाते, मले समजते म्हने. मी ‘तसं काही नाही’ म्हनत जाओ. मंग तिथं घाटावर ती बाजूलेच उभी. काय सोडता म्हनून इचारलं, अन् मी अंबाडी म्हनलं. कोनी सांगतलं नाही. माह्याच मनानं म्हनलं."

"म्हंजे भाजी नाही सोडली."

"भाजीवर माहा काय राग?" रंगूबाई म्हणाली. "तुह्या हातचं सोडलं का घरातलं बोलनं बंद व्हते, हे मले समजत व्हतं. अन् काशीचं नाव घेतलं त तुलेही वाईट नाही वाटनार, असं वाटलं."

भागिरथाबाईला वाईट वाटलं. विचारायला आता प्रश्नही उरला नव्हता. "बरं," एवढं म्हणून ती उठली आणि घरी आली.

त्या संध्याकाळी तिनं अनुपला फोन केला, की शहर काढून टाक. सारनाथ पाहू आणि परत येऊ. अनुप वैतागला, कारण त्यानं नावेची चौकशी करून ठेवली होती आणि पौर्णिमानं तर साडीचा रंगही ठरवला होता. पण आई कारण सांगेना. कारण विचारणारीच कारण सांगेना झाली, हे पाहून उकंडराव खाटेवरून उठून तिच्याजवळ येऊन बसले. तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा ताठ झाला. मी म्हणत नव्हतो काय, असं ते म्हणू शकले असते, पण म्हणाले नाहीत.

"त्याच काशीचं मावंदं आपुन मांडवात बसून जेवलो," एवढंच ते म्हणाले. "पोटभर."

रात्री दोघंही भाकर अर्धी टाकून उठले. काशी हा शब्द मग घरात कुणी काढला नाही.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायला लागलं होतं, विहाराच्या ओट्यावर माणसं पेपर वाचत बसली होती, आणि रंगूबाई काठी टेकत त्या गल्लीत शिरली. चार पावलं टाकायची, थांबायचं, गुडघा दाबायचा, पुन्हा चार पावलं. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. एवढं चालत ती वर्षभरात कुठं गेली नव्हती. ओट्यावरच्या माणसांनी पेपर खाली केले. कुणीतरी विचारलं, कुठं चालल्या काकू? भागिरथाच्या घरी जेवायला, असं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

ती दारापाशी थांबली नाही. काठी आधी उंबऱ्याच्या आत ठेवली, मग एक पाय, मग दुसरा. उकंडराव खाटेवर होते. त्यांनी या म्हटलं नाही. पण बाईचे गुडघे थरथरताना पाहून ते उठले, आतून खुर्ची आणली आणि तिच्यामागं ठेवली. रंगूबाई बसली. भागिरथाबाई चुलीपाशी उभी होती, ती जागची हलली नाही.

"अंबाडी वाढ," रंगूबाई म्हणाली.

भागिरथाबाईनं सांगितलं, आज घरी वांगं आहे, अंबाडी नाही.

"मंग तोडून आन. मी बसली आहे."

काशीला सोडलेलं असं परत घेता येतं काय, हे भागिरथाबाईला विचारावंसं वाटलं. वाटणारच. पण तिनं ते विचारलं नाही. घाटावर जे केलं ते रंगूचं, आणि आता जे करते आहे तेही रंगूचंच. तिनं टोपली उचलली आणि शेताकडं निघाली.

जायला-यायला वेळ लागतोच, पण त्या दिवशी तिनं मुद्दाम वेळ लावला. राग अजून गेला नव्हता आणि तो घालवायची तिला घाईही नव्हती. बांधावरची अंबाडी आता जून व्हायला आली होती, तरी शेंड्याचा कोवळा पाला तेवढा तिनं एकेक पान पाहून खुडला. टोपली भरली, तरी ती बांधावर बसून राहिली. बसेल बिचारी खुर्चीवर, असं तिनं मनाशी म्हटलं. बिचारी हा शब्द मनात आला तेव्हा मात्र ती उठली.

घरी आली तेव्हा दारापुढं तीन-चार चपला जास्तीच्या होत्या. बातमी गावभर झाली होती आणि शेजारच्या बाया काही ना काही मागायच्या निमित्तानं डोकावून जात होत्या. रंगूबाईचा नातू हरीओम दोनदा बोलवायला येऊन गेला होता. घरी मोठी आजी, म्हणजे तीच जाऊ, चिडली आहे, चल म्हणाला. जेवण झाल्यावर येते म्हणून रंगूबाईनं त्याला दोन्ही वेळा परत पाठवलं होतं. आणि उकंडराव, जे या म्हणाले नव्हते, ते आता तिच्यासमोर स्टुलावर बसून विचारत होते, की त्या काशीच्या गल्ल्यांमध्ये सायकल तरी शिरते काय.

भागिरथाबाईनं पाला धुतला, उकडला, पिळला, घोटला. ज्वारीच्या कण्या घातल्या. तेल तापवून लसूण टाकला आणि घरभर तो वास गेला. तिनं ताटात भाकर ठेवली, भाजी वाढली, वर कच्चं तेल सोडलं, आणि ताट रंगूबाईच्या मांडीवर ठेवलं. डोळ्याला डोळा दिला नाही.

रंगूबाईनं पहिला घास घेतला आणि चावत राहिली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. भाजी आंबट होती खरी, पण तितकीही नाही. दुसरा घास, तिसरा घास. भाकर संपली तेव्हा तिनं ताट पुढं केलं. भागिरथाबाईनं दुसरी वाढली आणि तिच्याजवळ खाली बसली.

"आता जाऊ इचारन त काय सांगशीन?" तिनं विचारलं.

"जेवली म्हनून सांगीन," रंगूबाई म्हणाली. "भागिरथाच्या घरी, दार उघडं ठेवून."

दुपारी उकंडरावांनी तिला शेजारच्याच्या मोटारसायकलवर बसवून घरी पोचवलं. जाताना तिनं पुन्हा सांगितलं, ऊन व्हायच्या आत नावेत बसजो.

रात्री भागिरथाबाईनं वाशीमला फोन लावला. शहर परत घाल, आणि अर्धा दिवस पुरणार नाही, पूर्ण दिवस ठेव. अनुप म्हणाला, माय, तू आधी एक ठरव. त्या शहरात तुला एवढं काय विचारायचं आहे?

"कोनाले काही इचाराचं नाही रे," ती म्हणाली. "जे इचाराचं व्हतं ते झालं. आता नुसतं पाह्यचं आहे."